चेंडू उसळतो, पण गुरुत्वाकर्षणामुळे नव्हे

२०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर भारतीय क्रिकेट संघ न्यूझीलंडकडून ११३ धावांनी हरला आणि मायदेशातली कसोटी मालिका बारा वर्षांनी प्रथमच हातची गेली. काळ्या मातीच्या त्या खेळपट्टीवर चेंडू फिरत होता आणि खाली राहत होता. न्यूझीलंडच्या मिचेल सँटनर या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने त्या सामन्यात १३ बळी घेतले. त्यानंतर महिना उलटायच्या आत हाच भारतीय संघ ऑस्ट्रेलियात पर्थ येथे खेळायला उतरला. तेथे आखूड टप्प्याचा चेंडू सरळ छातीवर येत होता, वेगवान गोलंदाजांची चलती होती, आणि तो सामना भारताने २९५ धावांनी जिंकला.

या दोन गावांच्या गुरुत्वाकर्षणात किती फरक आहे, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर ‘नसल्यातच जमा’ असे द्यावे लागते. खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग पर्थला दर सेकंदाला सेकंदामागे सुमारे ९.७९ मीटरने वाढतो, तर पुण्याला सुमारे ९.७८ मीटरने. हा फरक हजारात एक इतका किरकोळ आहे आणि जगातल्या कोणत्याही फलंदाजाला तो जाणवणे शक्य नाही. तरीही उसळीत मात्र गुडघा आणि छाती यांच्याइतके अंतर पडते. चेंडू उसळण्यामागे गुरुत्वाकर्षण असते, असा जो समज आपण शाळेपासून बाळगून असतो, तो येथेच डळमळू लागतो. चेंडू जमिनीपर्यंत आणण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते आणि वर गेलेल्या चेंडूला पुन्हा खाली खेचण्याचे कामही तेच करते. परंतु प्रत्यक्ष उसळण्याच्या क्षणी त्याचा वाटा इतका क्षुल्लक असतो की हिशोबात तो सोडून दिला तरी चालते.

गुरुत्वाकर्षणाचे काम टप्प्यापूर्वीच आटोपते

हातात धरलेल्या चेंडूपाशी त्याच्या उंचीमुळे काही ऊर्जा साठलेली असते. तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. चेंडू सोडला की उंची कमी होत जाते, वेग वाढत जातो आणि त्या साठलेल्या ऊर्जेचे रूपांतर गतीच्या म्हणजे गतिज ऊर्जेत होते. एक मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू साधारण ०.४५ सेकंदात जमिनीला पोचतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी १६ किलोमीटर असतो. चेंडू हलका आहे की जड, याने या वेगात काही फरक पडत नाही. हवेचा अडथळा नसलेल्या चंद्रावर १९७१ साली अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी हातोडी आणि ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडून दाखवले होते, आणि दोन्ही वस्तू बरोबरच खाली पोचल्या होत्या.

एवढे झाले की गुरुत्वाकर्षणाची मुख्य भूमिका संपते. पुढे जे घडते त्याला त्याची गरज नसते, हे पटवून घ्यायचे असेल तर कॅरमच्या बोर्डाकडे पाहावे. समोरच्या कडेवर आपटून परत येणारा स्ट्रायकर आडवा जातो आणि आडवाच परततो. गुरुत्वाकर्षण त्याला फक्त बोर्डावर दाबून धरते, त्याला मागे फिरवण्यात त्याचा काही हात नसतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात हातातून सोडलेला चेंडू जागच्या जागी तरंगत राहतो, पण तोच चेंडू भिंतीवर फेकला तर पृथ्वीवर येतो तसाच परत येतो. म्हणजे उसळण्यासाठी जे लागते ते चेंडूच्या आत आणि समोरच्या पृष्ठभागात असते.

पाच सहस्रांश सेकंदांची गोष्ट

टेनिसचा चेंडू उदाहरणासाठी सोयीचा आहे, कारण त्याची उसळी नियमाने ठरवून दिलेली आहे. नेहमीच्या प्रकारचा चेंडू २५४ सेंटीमीटर उंचीवरून काँक्रीटसारख्या कठीण पृष्ठभागावर सोडला, तर तो १३५ ते १४७ सेंटीमीटर वर आला पाहिजे. त्याहून कमी किंवा जास्त उसळणारा चेंडू अधिकृत सामन्यात चालत नाही. त्याचे वजन ५८ ग्रॅमच्या आसपास असते.

जमिनीला टेकताना हा चेंडू सेकंदाला सुमारे ७ मीटर वेगाने खाली येत असतो. त्याची खालची बाजू जमिनीला लागून थांबते, वरची बाजू मात्र अजून खालीच येत असते. त्यामुळे गोल चेंडू क्षणभर चपटा होतो. साधारण एक सेंटीमीटर दबल्यावर तो पूर्ण थांबतो. या थांबण्याच्या क्षणी त्याची जवळजवळ सगळी गतिज ऊर्जा ताणलेल्या रबरात आणि आत कोंडलेल्या हवेत जाऊन बसलेली असते. बॉलपेनमधली स्प्रिंग बोटाने दाबून सोडली की ती जशी टेबलावरून उडी मारते, तसाच हा चपटा झालेला चेंडू पुन्हा गोल होऊ लागतो, आणि गोल होताना जमिनीला खाली रेटतो. जमीन हलत नाही, म्हणून चेंडू वर फेकला जातो. दबलेली वस्तू मूळ आकाराला परत येण्याच्या या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात. चेंडूची सगळी करामत या एका गुणात आहे.

हे सगळे सुमारे पाच सहस्रांश सेकंदांत उरकते. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एवढ्या वेळात चेंडूचा वेग खालच्या दिशेने ७ मीटरवरून वरच्या दिशेने ५.२ मीटरपर्यंत पालटतो, म्हणजे एकूण बदल झाला सेकंदाला १२ मीटरहून थोडा अधिक. आता त्याच पाच सहस्रांश सेकंदांत गुरुत्वाकर्षण किती बदल घडवते ते पाहा: सेकंदाला फक्त ५ सेंटीमीटर. एकीकडे १२ मीटर आणि दुसरीकडे ५ सेंटीमीटर, अशी ही तुलना आहे. जमिनीने चेंडूवर लावलेले बल सरासरीने चेंडूच्या वजनाच्या अडीचशे पट भरते. ५८ ग्रॅमच्या त्या चेंडूवर तेवढ्या वेळापुरते साडेचौदा किलोचे ओझे ठेवल्यासारखे हे झाले. इतक्या जोराच्या झटापटीत चेंडूच्या स्वतःच्या वजनाला कोण विचारतो?

येथे एक शंका हमखास निघते. जमीन चेंडूला वर ढकलते म्हणजे ती चेंडूला ऊर्जा देते का? देत नाही. जमीन बल लावते, पण स्वतः हलत नाही, आणि जे हलत नाही ते ऊर्जा खर्च करत नाही. वर जाताना चेंडू जी ऊर्जा वापरतो ती त्याचीच असते. खाली येताना मिळवलेली, क्षणभर रबरात ठेवलेली आणि परत काढून घेतलेली.

मग पूर्ण उंची परत का मिळत नाही?

कारण ठेवलेली ऊर्जा पूर्ण परत मिळत नाही. रबर म्हणजे लांबच लांब, एकमेकांत गुंतलेल्या रेणूंच्या साखळ्या. ताण पडला की त्या उलगडतात आणि ताण सुटला की पुन्हा गुंडाळल्या जातात, पण या ये-जा करण्यात त्या एकमेकींवर घासतात आणि थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. थोडी ऊर्जा जमिनीच्या कंपनात जाते आणि अगदी थोडी ‘टप्’ अशा आवाजात. टेनिसच्या चेंडूच्या एका टप्प्यात निर्माण होणारी उष्णता चेंडूचे तापमान अंशाच्या काही सहस्रांशांनी वाढवण्याइतपतच असते, त्यामुळे हाताला ती कळत नाही. स्क्वॉशमध्ये मात्र ती चांगलीच कळते. तो चेंडू थंड असताना मेल्यासारखा पडतो; म्हणून खेळाडू सामन्यापूर्वी काही मिनिटे तो भिंतीवर जोरजोराने मारून गरम करून घेतात, आणि गरम झाल्यावरच तो खेळण्याजोगा उसळू लागतो.

टप्प्यानंतरचा वेग हा टप्प्यापूर्वीच्या वेगाच्या किती पट आहे, या आकड्याला आपण या लेखापुरते उसळीचा गुणांक म्हणू. तो ० असेल तर वस्तू पडल्या जागी चिकटते. कणकेचा गोळा ओट्यावर टाकला तर असेच होते. तो १ असेल तर वस्तू सोडल्या उंचीपर्यंत परत येईल, पण असा चेंडू अस्तित्वात नाही. उंचीचे प्रमाण या गुणांकाच्या वर्गाइतके असते, हे लक्षात ठेवले की नियमांतल्या आकड्यांवरून गुणांक काढता येतो. टेनिसच्या चेंडूसाठी तो सुमारे ०.७४ येतो. टेबल टेनिसच्या टेबलावर ३० सेंटीमीटरवरून सोडलेला चेंडू साधारण २३ सेंटीमीटर वर आला पाहिजे, असा नियम आहे. त्यावरून गुणांक येतो ०.८८.

हा गुणांक प्रथम पद्धतशीर मोजला तो न्यूटनने. दोऱ्यांना टांगलेले गोळे एकमेकांवर आदळवून त्याने हे प्रयोग केले आणि १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांचे निष्कर्ष दिले: घट्ट वळलेल्या लोकरीच्या गोळ्यांसाठी ५ : ९, म्हणजे सुमारे ०.५६, आणि काचेच्या गोळ्यांसाठी १५ : १६, म्हणजे सुमारे ०.९४. गुरुत्वाकर्षण ज्याच्या नावावर जमा आहे, त्याच माणसाने उसळीचा नियमही मांडला, आणि त्या नियमात गुरुत्वाकर्षणाला कोठेही जागा ठेवली नाही, याची मला नेहमी गंमत वाटते.

पण काच तर कडक असते!

मऊ आणि लवचिक वस्तूच उसळते, हा समज न्यूटनच्या या आकड्यांनी मोडतो. काचेची गोटी गुळगुळीत ग्रॅनाइटवर हलकेच टाकून पाहावी. ती कित्येक रबरी चेंडूंपेक्षा चांगली उसळते. काचही दबते, फक्त डोळ्याला दिसणार नाही इतकी थोडी, आणि दबली तरी ऊर्जा उष्णतेत फारशी वाया घालवत नाही. वस्तू किती दबते याला महत्त्व नाही. दबण्यात गेलेल्या ऊर्जेपैकी ती किती परत करते, याला आहे. गोटी चिखलात पडली की उसळत नाही, कारण तेव्हा दबण्याचे काम चिखल करतो आणि तो काहीच परत देत नाही. म्हणजे उसळीचा गुणांक हा एकट्या चेंडूचा गुण नसून चेंडू आणि पृष्ठभाग या जोडीचा गुण आहे. खेळपट्टीकडे वळताना हे वाक्य उपयोगी पडेल, परंतु त्याआधी चंद्रावर जाऊन यायला हवे.

चंद्रावर चेंडू सहापट उंच उसळेल का?

चंद्रावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे, म्हणून तेथे चेंडू सहापट उंच उसळेल, असे बहुतेक लोक ठामपणे सांगतात. ते चूक आहे. २५४ सेंटीमीटरवरून सोडलेला तोच टेनिसचा चेंडू, तशाच काँक्रीटवर, चंद्रावरही साधारण १४० सेंटीमीटरच वर येईल.

कारण असे की, सोडलेल्या चेंडूला ऊर्जा देणारे गुरुत्वाकर्षणच असते, आणि वर जाणाऱ्या चेंडूकडून ती वसूल करणारेही तेच असते. चंद्रावर देणे एक षष्ठांश झाले तर वसुलीही एक षष्ठांशच होते. तेथे चेंडू जमिनीला लागेल तो सेकंदाला ७ मीटरऐवजी फक्त २.९ मीटर वेगाने, आणि उसळेल २.१ मीटर वेगाने. पण त्याला मागे ओढणारे बलही दुबळे असल्यामुळे तो तेवढ्याच उंचीवर जाऊन थांबेल. फरक पडेल तो वेळेत. पृथ्वीवर खाली यायला ०.७२ सेकंद लागतात, चंद्रावर १.७७ सेकंद लागतील. सगळे दृश्य मंद गतीच्या चित्रफितीसारखे दिसेल, उंची मात्र तीच राहील.

मग अपोलो मोहिमांतले अंतराळवीर जड पोशाख घालूनही एवढ्या सहज उड्या कसे मारत होते? त्यांच्या उडीची ऊर्जा स्नायूंतून येत होती, आणि स्नायू चंद्रावर गेल्यामुळे सहापट दुबळे होत नाहीत. देणारा तोच राहिला आणि वसूल करणारा तेवढा सौम्य झाला, म्हणून उडी उंच गेली. चेंडूचेही तसेच आहे. तो नुसता न सोडता हाताने जमिनीवर जोरात आपटला, तर चंद्रावर तो खरोखर पृथ्वीपेक्षा पाच-सहापट उंच जाईल, कारण तेव्हा त्याची बहुतेक ऊर्जा हाताने दिलेली असेल. ‘सोडणे’ आणि ‘आपटणे’ यांत गल्लत झाली की सगळा घोटाळा होतो, आणि शालेय प्रश्नमंजूषांत ही गल्लत वारंवार दिसते.

अर्थात प्रत्यक्षात चंद्रावर काँक्रीट नाही. तेथे सर्वत्र बारीक, सैल धूळ पसरलेली आहे आणि तीत चेंडू रुतून बसेल. शिवाय बाहेर हवा नसल्यामुळे आत हवा भरलेला चेंडू फुगून टणक होईल, आणि रात्रीच्या थंडीत रबराची स्थितिस्थापकताच जाईल. नैसर्गिक रबर उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास काचेसारखे कडक होते, आणि चंद्रावरची रात्र त्याहून पुष्कळ थंड असते.

खेळपट्टीवर नेमके काय होते?

आता गहुंजे आणि पर्थ. वेगवान गोलंदाजाने ताशी १३७ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३८ मीटर वेगाने टाकलेला चेंडू घेऊ. हातातून सुटताना तो जमिनीपासून २.२ मीटर उंचीवर आहे आणि १२ मीटर पुढे, फलंदाजाच्या क्रीजपासून सुमारे ६ मीटर अलीकडे, त्याचा टप्पा पडतो. हे अंतर कापायला त्याला ०.३२ सेकंद लागतात. एवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण चेंडूला फक्त अर्धा मीटर खाली आणू शकते. उरलेले १.७ मीटर गोलंदाजाने चेंडू खालच्या दिशेला मारल्यामुळे कापले जातात. टप्प्याच्या क्षणी चेंडूचा खालच्या दिशेचा वेग सेकंदाला साधारण ८.५ मीटर असतो, त्यातले ५.४ मीटर गोलंदाजाच्या खांद्याचे आणि मनगटाचे असतात, ३.१ मीटर गुरुत्वाकर्षणाचे. म्हणजे क्रिकेटमध्ये चेंडू खाली आणण्याच्या कामातही गुरुत्वाकर्षण दुय्यम भागीदार आहे.

टप्प्यानंतर सूत्रे खेळपट्टीकडे जातात. समजा, उसळीचा गुणांक ०.४ आहे आणि टप्प्यानंतर चेंडूचा पुढचा वेग सेकंदाला ३३ मीटर उरला आहे. तर ६ मीटर पुढे, फलंदाजापाशी पोचताना तो जमिनीपासून सुमारे ४६ सेंटीमीटर उंचीवर असेल. यष्ट्यांची उंची ७१ सेंटीमीटर असते, म्हणजे हा चेंडू फलंदाजाने सोडला तर यष्ट्यांवर जाऊन आदळेल. गुणांक ०.६ झाला तर तोच चेंडू ७७ सेंटीमीटर उंचीवरून यष्ट्यांच्या वरून निघून जाईल. गोलंदाज तोच, टप्पा तोच, वेग तोच. एकदा फलंदाज त्रिफळाचित आणि एकदा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात. सामन्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी भेगा पडलेल्या खेळपट्टीवर ‘असमान उसळी’ म्हणतात ती हीच. हाताएवढ्या अंतरावरच्या दोन जागांचा गुणांक वेगळा झालेला असतो आणि चेंडू कोणत्या जागी पडणार हे गोलंदाजालाही ठाऊक नसते.

क्रिकेटचा चेंडू स्वतः फार उसळणारा नाही. बुचाचा गाभा, त्यावर घट्ट गुंडाळलेला दोरा आणि वरून कातडे, ही रचना टेनिसच्या चेंडूपेक्षा पुष्कळ ऊर्जा खाते. बाकीची ऊर्जा माती खाते, आणि किती खाते हे तिच्यावर कितपत रोलर फिरला आहे, ओल किती आहे आणि चिकणमातीचे प्रमाण किती आहे, यांवर ठरते. चिकणमातीचे कण पाणी मारून, रोलरने दाबून आणि उन्हात वाळवून एकमेकांना बिलगले की पृष्ठभाग विटेसारखा होतो. चेंडू आदळल्यावर असा पृष्ठभाग थोडा दबतो आणि बरेचसे परत देतो. ओल राहिली किंवा वरचा थर सुटला की आदळणारा चेंडू मातीचे कण इकडून तिकडे सरकवण्यात आपली ऊर्जा खर्च करतो, आणि सरकलेले कण काही आपण होऊन मागे येत नाहीत. खेळपट्टी तपासण्याची एक जुनी रीत यावरच आधारलेली आहे. चेंडू १६ फुटांवरून, म्हणजे सुमारे ४.९ मीटरवरून सरळ खाली सोडायचा आणि तो किती वर येतो ते मोजायचे. ३० इंचांच्या, म्हणजे ७६ सेंटीमीटरच्या वर आला तर खेळपट्टी अतिशय वेगवान समजतात. हिशोब केला तर सर्वांत चांगल्या खेळपट्टीचाही गुणांक या चाचणीत ०.४ च्या आसपास भरतो. तिरपा आणि वेगाने येणारा चेंडू थोडा अधिक उसळतो, ही बाब वेगळी.

दख्खनची काळी माती बसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे. ती ओल धरून ठेवते, पाण्याने फुगते आणि वाळल्यावर भेगाळते. तिच्यावर चेंडू थांबून येतो आणि खाली राहतो, असा खेळाडूंचा अनुभव आहे. मुंबईच्या वानखेडे मैदानावर लाल माती वापरतात आणि तेथे उसळी जास्त मिळते. परंतु ‘लाल म्हणजे उसळी, काळी म्हणजे फिरकी’ हे सूत्र समालोचनापुरते ठीक आहे. मातीच्या रंगापेक्षा तिची घट्टाई आणि ओल निर्णायक असते, आणि ती खेळपट्टी तयार करणाऱ्या क्युरेटरच्या हातात असते. पर्थच्या नव्या मैदानावरची खेळपट्टी तर बाहेर तयार करून आणून बसवलेली असते, तरी तिने शहराची जुनी ख्याती राखली आहे.

उंच गोलंदाजाला उसळी जास्त मिळते, हेही याच हिशोबातून निघते. वरच्या उदाहरणात चेंडू ३० सेंटीमीटर अधिक उंचीवरून सुटला आणि त्याच जागी टप्पा पडला, तर खालच्या दिशेचा वेग सुमारे ९.४ मीटर होतो. गुणांक ०.५ धरला तर फलंदाजापाशी चेंडू आठ सेंटीमीटर वर येतो, आणि बॅटच्या मध्याऐवजी दांडा किंवा हातमोजा मध्ये येण्यास तेवढे पुरते. फिरकी गोलंदाज हेच वेगळ्या मार्गाने साधतो: चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी दिली की हवा त्याला खाली ढकलते, चेंडू अधिक उभा खाली येतो आणि म्हणून अधिक उभा वर जातो.

सोडल्या उंचीपेक्षा वर जाणारा चेंडू

नुसता सोडलेला चेंडू सोडल्या उंचीच्या वर कधीही जात नाही. तसा दावा करणारी चित्रफीत दिसली तर ती उलटी चालवलेली आहे किंवा चेंडू हळूच ढकलला आहे, असे समजावे. एक प्रामाणिक अपवाद मात्र घरी करून पाहण्यासारखा आहे. बास्केटबॉलच्या डोक्यावर टेनिसचा चेंडू ठेवून दोन्ही एकत्र सोडले, तर टेनिसचा चेंडू छतापर्यंत उडतो. खालचा मोठा चेंडू आधी आपटतो आणि वर येऊ लागतो. तेवढ्यात खाली येणारा लहान चेंडू त्याच्यावर समोरासमोर आदळतो. कागदावरच्या आदर्श हिशोबात लहान चेंडूचा वेग तिप्पट होतो आणि तो नऊपट उंच जातो. प्रत्यक्षात आकडा बराच कमी येतो, पण दिवाणखान्यातला पंखा बंद करून ठेवलेला बरा. ही जादा ऊर्जा आकाशातून आलेली नसते. मोठ्या चेंडूने आपला वाटा लहानाला दिलेला असतो, आणि म्हणूनच मोठा चेंडू त्या वेळी नेहमीपेक्षा बराच कमी उसळतो.

शेवटी तो थांबतो कसा, आणि हे घरी कसे मोजावे

प्रत्येक टप्प्यानंतर वेग ठरावीक पटीने घटतो, शून्य कधीच होत नाही. मग चेंडूने अनंत काळ टपटपत राहायला हवे, असा आक्षेप कोणी घेईल. गणित सांगते की टप्पे अनंत झाले तरी त्यांच्यामधला वेळही त्याच पटीने आखडत जातो, आणि सगळ्या वेळांची बेरीज मर्यादित राहते. २५४ सेंटीमीटरवरून सोडलेल्या आपल्या टेनिसच्या चेंडूसाठी ती बेरीज पाच सेकंदांच्या आतच भरते. चंद्रावर ती बारा सेकंदांच्या आसपास जाईल. अखेरचे टप्पे एकमेकांत मिसळून जो तडतड आवाज येतो, तो या बेरजेचा शेवट असतो. त्या टोकाला चेंडूची उसळी त्याच्या दबण्याएवढीही उरत नाही आणि तो जमिनीवरच थरथरून थांबतो.

याच गोष्टीचा उपयोग करून गुणांक मोजपट्टीशिवाय काढता येतो. चेंडू एक मीटरवरून फरशीवर सोडावा आणि मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा. पहिल्या व दुसऱ्या टप्प्यामधला वेळ आणि दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यामधला वेळ मोजून दुसऱ्या वेळेला पहिल्याने भागले की येणारा आकडा हाच उसळीचा गुणांक. चेंडूचे वजन आणि गुरुत्वाकर्षण, दोन्ही या भागाकारात कटून जातात. टेनिसच्या चांगल्या चेंडूसाठी हे वेळ ०.६७, ०.४९ आणि ०.३७ सेकंदांच्या जवळपास यावेत. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने तयार केलेल्या ‘फायफॉक्स’ या मोफत अॅपमध्ये याच कामासाठी एक तयार प्रयोग दिलेला आहे आणि तो टप्प्यांच्या आवाजावरून चेंडू किती उंचीवरून सोडला होता तेही सांगतो. फरशी, लाकडी पाट आणि अंगणातली माती यांवर तोच चेंडू टाकून आकडे ताडून पाहिले तर जोडीचा गुण म्हणजे काय, ते दहा मिनिटांत समजते. पुढच्या पुढच्या टप्प्यांत गुणांक किंचित वाढताना दिसला तर मोजण्यात चूक झाली असे समजू नये. वेग कमी झाला की चेंडू कमी दबतो आणि ऊर्जेची नासाडीही प्रमाणात कमी होते.